पेन्शनीतली चौदा वर्षे : हवालदार गोपाळबाबा वलंगकर

आपल्या समाजात सैनिक आजोबांना फार मान आहे. कुठल्याही वस्तीत जा, एखाद्या घरात बाबासाहेब आणि तथागतांच्या फोटोंशेजारी वर्दीतल्या आजोबांचा फोटो दिसतोच. घरातली लहान मुले त्यांच्या बिल्ल्यांच्या गोष्टी ऐकत मोठी होतात. आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो. तिथे गावातली जुनी माणसे या आजोबांबद्दल आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतात. आजोबा पेन्शनीवर घरी आले आणि गावातल्या सगळ्यांचे अर्ज तेच लिहू लागले. तलाठ्यापुढे, मामलेदारापुढे न घाबरता बोलणारा आपला पहिला माणूस बहुतेक वेळा एखादा निवृत्त शिपाई किंवा हवालदारच होता.

या सगळ्या आजोबांचे आजोबा म्हणावेत असे एक नाव चळवळीच्या इतिहासात आहे. गोपाळबाबा वलंगकर. आजच्या तरुणांनी हे नाव भाषणात ऐकलेले असते, पण त्यांच्या आयुष्याबद्दल फारसे वाचलेले नसते. म्हणून हा लेख.

गोपाळबाबांचा जन्म सुमारे १८४० सालचा, महाडजवळच्या रावढळ गावचा. त्या काळी महार कुटुंबातल्या मुलापुढे दोनच वाटा होत्या. एक म्हणजे गावकीची कामे, मेलेली ढोरे ओढणे आणि शिळ्या भाकरीसाठी दारोदार हिंडणे. दुसरी वाट मुंबई इलाख्याच्या पलटणीत जाण्याची. इंग्रजांच्या बॉम्बे आर्मीत महारांची भरती जुन्या काळापासून होत होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमाला लढलेले महार शिपाई याच फौजेतले. गोपाळबाबांनी ही दुसरी वाट धरली.

पलटणीने आपल्या माणसांना काय दिले, हे नीट समजून घ्यायला हवे. पगार आणि पेन्शन दिले, ही गोष्ट मोठीच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लष्करी शाळा. गावात ज्या मुलाची सावलीही चालत नव्हती, त्याच्या हातात पलटणीच्या शाळेने पाटी-पेन्सिल दिली. बाहेरचे जग दिसले, कायदा कसा चालतो, हुकूम कसा निघतो, अर्ज कुठे करायचा हे कळले. गोपाळबाबा लिहायला-वाचायला शिकले आणि हवालदाराच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. याच काळात महात्मा जोतिराव फुले यांच्या विचारांशी त्यांची गाठ पडली. 'गुलामगिरी' हा ग्रंथ आणि सत्यशोधक समाज, दोन्ही १८७३ सालचे. आपल्यावर लादलेली अस्पृश्यता हा मागच्या जन्माच्या पापाचा भोग नाही, ती माणसांनी रचलेली व्यवस्था आहे, हे फुल्यांचे सांगणे बाबांच्या मनात पक्के बसले.

१८८६ साली गोपाळबाबा फौजेतून निवृत्त झाले. कोकणातल्या दापोलीला तेव्हा पेन्शनर सैनिकांची मोठी वस्ती होती. बाबाही तिथेच राहिले. वय पंचेचाळीसच्या आसपास, हातात ठरलेली पेन्शन, आयुष्यभराची चाकरी संपलेली. अशा वेळी माणूस घर बांधतो, शेतीचा तुकडा घेतो, नातवंडांत रमतो. त्यात चूक काहीच नाही. पण बाबांचे खरे काम इथून पुढे सुरू झाले.

त्यांनी 'अनार्य दोष परिहार मंडळी' ही संस्था काढली. अस्पृश्यांनी स्वतः चालवलेल्या अगदी सुरुवातीच्या संघटनांपैकी ही एक. नावातच तिचा विचार आहे. आम्ही या भूमीचे मूळचे लोक, आमच्यावर चिकटवलेला दोष आम्ही पुसून टाकणार. त्याच सुमाराला बाबा 'दीनबंधू'सारख्या पत्रांतून लिहू लागले. १८८८ सालचे 'विटाळ विध्वंसक' हे नाव तर त्यांच्याशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांच्या 'विनंतिपत्रा'त त्यांनी सवर्ण समाजाला प्रश्नांवर प्रश्न विचारले. विटाळ नेमका कशाने होतो, तो कोणी ठरवला, कोणत्या आधारावर ठरवला, असा त्या प्रश्नांचा रोख आहे. नाव विनंतिपत्र असले तरी आतमध्ये उलटतपासणी आहे. ज्या समाजाला बोलण्याचीच बंदी होती, त्या समाजातला एक पेन्शनर हवालदार धर्मशास्त्राचा जाब विचारत होता, आणि तोही छापील कागदावर.

मग आघात झाला तो सरकारकडून. लॉर्ड रॉबर्ट्स हे १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती होते. काही जमाती जन्मानेच लढाऊ असतात आणि बाकीच्या नसतात, या कल्पनेचा ते मोठा पुरस्कार करत. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महारांसाठी फौजेचे दरवाजे बंद झाले. समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर जातीच्या उतरंडीवर सरकारने स्वतःचा शिक्का मारला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी रक्त सांडले, त्यांना एका फटक्यात लढायला नालायक ठरवले. नोकरी गेली, तिच्यासोबत शाळा गेली, पेन्शन गेली आणि गावकीतून सुटण्याची एकमेव वाटही गेली.

बाबांना या निर्णयाने वैयक्तिक काहीच तोटा नव्हता. त्यांची पेन्शन चालूच होती. तोटा पुढच्या पिढीचा होता. १८९४ साली त्यांनी भरती पुन्हा सुरू करावी यासाठी सरकारकडे करायचा अर्ज तयार केला. त्यात आपल्या लोकांच्या लष्करी सेवेची आठवण होती. महार हे मूळचे क्षत्रिय आहेत, असा दावाही होता. आजच्या आंबेडकरी वाचकाला हा दावा खटकेल. आम्हालाही तो पटत नाही. एकीकडे अनार्य म्हणून स्वाभिमान आणि दुसरीकडे क्षत्रिय म्हणून ओळख, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. पण ज्या सरकारला फक्त जन्माचीच भाषा कळत होती, त्याच्यासमोर त्याच भाषेत बोलण्याची ती धडपड होती. जातीच्या चौकटीबाहेर पाऊल टाकून नवा धम्म देणारे बाबासाहेब पुढे आले. गोपाळबाबांच्या वेळी ती वाट अजून कोणी पाडलेली नव्हती. पूर्वजांचा आदर करायचा म्हणजे त्यांचे प्रत्येक म्हणणे मान्य करायचे असे नव्हे, ही शिकवण तथागतांनीच दिली आहे.

१८९५ साली सरकारने गोपाळबाबांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले. एक अस्पृश्य माणूस आपल्या बरोबरीने बोर्डावर बसणार हे तिथल्या सवर्ण सभासदांना सहन झाले नाही. वर्तमानपत्रांतून त्यावर वाद झडले. महाडचे नाव घेतले की आपल्याला २० मार्च १९२७ आणि चवदार तळे आठवते. पण त्याच महाडमध्ये बत्तीस वर्षे आधी एका म्हाताऱ्या हवालदाराच्या खुर्चीवरून वादळ उठले होते, हे किती जणांना माहीत आहे?

१९०० साली गोपाळबाबांचे निधन झाले. भरती त्यांच्या डोळ्यांदेखत सुरू झाली नाही. तळी, विहिरी, देवळे बंदच राहिली. हिशेब मांडायचा तर त्यांच्या हयातीत मागणी एकही मान्य झाली नाही असेच म्हणावे लागेल.

पण पुढचे पाहा. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढले आणि १९१० साली भरतीच्या मागणीचा अर्ज पुन्हा सरकारकडे गेला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर, १९२१ साली ती मोडली गेली. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली. बाबांनी लिहिलेल्या अर्जाला उत्तर मिळायला सत्तेचाळीस वर्षे लागली.

दापोलीचे ऋण बाबासाहेबही विसरले नव्हते. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर कुटुंबासह दापोलीलाच आले होते. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या भाषणात त्या जुन्या दिवसांची आठवण काढली. पलटणीमुळे कोकणातले अस्पृश्य एकेकाळी शिकले, पुढे आले आणि भरती बंद झाल्याने ते मागे पडले, हे त्यांनी जमलेल्या लोकांना समजावून सांगितले. त्या पेन्शनरांच्या पिढीने जपलेली ठिणगीच चवदार तळ्यावर पेटली, असे आम्ही मानतो.

मित्रांनो, १ जानेवारीला आपण लाखोंच्या संख्येने विजयस्तंभाला मानवंदना देतो. दिलीच पाहिजे. पण आपल्या सैनिक पूर्वजांनी रणांगणावर जे केले, तेवढेच स्तंभावर कोरलेले असते. घरी आल्यावर त्यांनी जे केले ते कुठेच कोरलेले नाही. ते अर्जांत, पत्रांत, मंडळाच्या वह्यांत होते, आणि त्यातले बरेचसे रद्दीत गेले. आजही आपल्या घरातल्या ट्रंकेत एखाद्या आजोबांचे पेन्शन पुस्तक, जुनी प्रमाणपत्रे, हाताने लिहिलेल्या अर्जांच्या प्रती पडून आहेत. आजोबा हयात असतील तर त्यांच्याजवळ बसा, मोबाइलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा, गावांची आणि माणसांची नावे लिहून घ्या. नसतील तर आजीला विचारा. कागद फेकू नका.

आणि आणखी एक. आज आपल्यातले कितीतरी लोक बँकेतून, शाळेतून, रेल्वेतून, फौजेतून निवृत्त होत आहेत. त्यांच्याकडे पेन्शन आहे, अनुभव आहे, कार्यालयांची भाषा त्यांना येते. वस्तीतल्या पोरांना शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता येत नाही, म्हातारीला रेशन कार्ड मिळत नाही, अत्याचाराची तक्रार कशी लिहायची हे कुणाला माहीत नाही. ही कामे मिरवणुकीइतकी दिसत नाहीत. पण गोपाळबाबांनी पेन्शनीची चौदा वर्षे अशाच कामात घातली, म्हणून आज सव्वाशे वर्षांनंतरही त्यांचे नाव निघते.

हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांना विनम्र अभिवादन. जयभीम!