असोद्याचे माहेर

जळगावजवळच्या असोदा गावी १८८० साली उखाजी महाजन व भीमाई या दांपत्याच्या घरी बहिणाबाईंचा जन्म झाला. तीन भाऊ व तीन बहिणींच्या त्या भरल्या शेतकरी घरातून वयाच्या तेराव्या वर्षी त्या जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्या पत्नी म्हणून सासरी आल्या. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. शेत, जाते आणि चूल हीच त्यांची विद्यालये होती.

तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. पदरी काशी, ओंकार आणि सोपानदेव अशी तीन मुले होती. सोपानदेव तर अवघा तीन वर्षांचा. ओंकारला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. तरीही या माउलीने शेतीचे कष्ट उपसून संसार सावरला आणि हात कामात गुंतलेले असताना ओव्या रचल्या. सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ यांनी टिपून ठेवल्या तेवढ्याच वाचल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी महाराष्ट्रापुढे आली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

बहिणाबाईंच्या काव्यात माहेराला मानाचे स्थान आहे, आणि ते केवळ भावनेचे नाही. पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी जावे, या रूढीत शहाणपण होते. गरोदर स्त्रीला विश्रांती, सकस अन्न आणि बोलायला आपले माणूस मिळावे, अशी ती समाजाने केलेली व्यवस्थाच होती. मात्र हे माहेर सर्वांच्या वाट्याला आले नाही.

मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माता तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी चाटवून कामावर जात, हे गेल्या शतकाच्या आरंभीचे विदारक वास्तव आहे. त्या माता निर्दय नव्हत्या; मूल सांभाळणारे कोणी नव्हते. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघर बंधनकारक केले, तेव्हा कोठे या प्रश्नाच्या मुळाला हात लागला.

आज तीच कथा मिश्रीची आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासण्याच्या निमित्ताने तोंडात जाते आणि भूक, थकवा व एकटेपणा यांवरचा स्वस्त उतारा होऊन बसते. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. धूरविरहित तंबाखू सेवन करणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, आणि अशा मातांमध्ये अकाली प्रसूतीचे प्रमाणही अधिक आढळले.

अशा स्त्रीला दोष देणे सर्वांत सोपे. पण दटावणीने व्यसन सुटत नाही, ते लपते. आणि लपले की ती तपासणीलाही येईनाशी होते. १९७५ पासून अंगणवाडी आणि २००५ पासून आशा सेविका गावोगाव पोहोचल्या आहेत. लोहाच्या गोळ्या व लसीकरण यांची चौकशी त्या करतात, तशीच तंबाखूची आणि घरातील दारूचीही आपुलकीने, चारचौघांत न करता व्हावी. सवय मोडताना होणारी तगमग सोसायला सोबत मिळावी. शेजारणीने तिचे मूल दोन घटका सांभाळावे, नवऱ्याने आधी आपली पुडी टाकावी, आणि गरजेनुसार तिला डॉक्टरकडे नेणारे कोणी असावे. यासाठी नवी इमारत लागत नाही; सेविकांना थोडे प्रशिक्षण, योग्य मानधन आणि गावाची साथ लागते.

बहिणाबाईंनी दुःख गाण्यात जिरवले. ते सामर्थ्य लाखात एखादीचे. बाकीच्या मातांकडून तशाच धैर्याची अपेक्षा करून त्यांना एकटे सोडणे हा त्या कवयित्रीचा गौरव नव्हे. ज्या स्त्रीला माहेर उरलेले नाही, तिचे माहेर गावाने व्हावे, हाच तिच्या स्मृतीला शोभणारा मान ठरेल.