हिरवा चारा आम्लात मुरवणारे विर्तानेन

रत्नागिरी जिल्ह्यात गवताला तोटा नाही. तोटा आहे तो ते वाळवायला लागणाऱ्या उन्हाचा. जून ते सप्टेंबर गवत कोवळे आणि सकस असते, तेव्हा कापून ठेवले तर कुजते. ऑक्टोबरात ऊन पडेपर्यंत ते निबर होते, त्यातली प्रथिने घटतात. मग उन्हाळाभर जनावरांपुढे पडतो तो भाताचा पेंढा आणि हेच निबर गवत. फिनलंडमध्येही दुखणे हेच होते, फक्त तिथे चाऱ्याची टंचाई बर्फाच्या लांबलचक हिवाळ्यात पडे. त्यावर उपाय शोधणारे रसायनशास्त्रज्ञ म्हणजे आर्तुरी इल्मारी विर्तानेन.

त्यांचा जन्म १५ जानेवारी १८९५ रोजी हेलसिंकीत झाला. १९१९ मध्ये डॉक्टरेट मिळवली, पुढे झुरिच आणि स्टॉकहोममध्ये अभ्यास केला. पण नोकरी धरली ती ‘वालिओ’ या दूध सहकारी संस्थांच्या संघाच्या प्रयोगशाळेत. १९२१ मध्ये ते तिचे प्रमुख झाले. लोणी आणि चीज टिकवण्याच्या रोजच्या कटकटींतून त्यांचे लक्ष गाईच्या चाऱ्याकडे वळले, कारण खराब मुरघासातले जंतू दुधावाटे चीजमध्ये उतरून ते फुगवत, नासवत.

मुरघास म्हणजे ओल्या चाऱ्याचे लोणचेच. दाबून, हवाबंद केलेल्या चाऱ्यातील साखरेचे जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या आंबटपणात चारा टिकतो. मात्र आम्ल तयार व्हायला वेळ लागला, की दुसरेच जंतू जोर धरतात. ते ब्युटिरिक आम्ल तयार करतात, प्रथिनांचा अमोनिया होतो आणि खड्ड्यातून घाण वास सुटतो. क्लोव्हरसारख्या प्रथिनयुक्त द्विदल चाऱ्यात हा धोका जास्त.

विर्तानेन यांनी जिवाणूंची वाट पाहणेच सोडले. चारा भरतानाच त्यावर हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाचे पातळ द्रावण शिंपडायचे आणि सामू ४ च्या खाली आणायचा. तेवढ्याने नासवणारे जंतूही थांबतात आणि कापलेल्या गवताचे श्वसनही. १९२८ मध्ये ही पद्धत आकाराला आली. त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एआयव्ही’ म्हणू लागले.

आम्ल घातलेला चारा गाईला द्यायचा, ही कल्पनाच कुणालाही दचकवणारी. त्यामुळे खरी कसोटी गोठ्यात होती. गाईंची तब्येत आणि दुधाची प्रत तपासली गेली. अपाय दिसला नाही. उलट चाऱ्यातले कॅरोटिन टिकल्याने हिवाळ्यातले फिकट लोणी पुन्हा पिवळे दिसू लागले. शरीर कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व बनवते, त्यामुळे हा फायदा थेट माणसांच्या ताटापर्यंत आला. १९३३ मध्ये त्यांनी हेलसिंकीजवळ शेत घेतले आणि आपले शोध तिथेही पारखले. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र कसा बांधतात, हा त्यांचा दुसरा ध्यास. क्लोव्हर पेरायचे म्हणजे नत्र फुकट, आणि त्याचा मुरघास करायचा म्हणजे प्रथिने वाया नाहीत, असे हे गणित होते.

या कामासाठी, विशेषतः चारा टिकवण्याच्या पद्धतीसाठी, त्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. उतारवयात त्यांनी प्रथिनांऐवजी युरिया आणि अमोनियम क्षार देऊन गाई दूध देतात का, हेही पाहिले. त्या देत होत्या. ११ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची तीव्र आम्ले हात पोळणारी आणि खड्ड्याचे काँक्रीट खाणारी होती. पुढे फिनलंडमध्येच त्यांची जागा फॉर्मिक आम्लाने घेतली. आपल्याकडे कुणी ती घरी वापरू नयेत. मक्यात साखर पुरेशी असल्याने त्याचा मुरघास सहज जमतो. कोकणातल्या गवतात ती कमी. म्हणून कुट्टी थरांत दाबताना गुळाचे पाणी किंवा मळी आणि लॅक्टिक जिवाणूंचे विरजण घालतात. गूळ टिकवत नाही, तो जिवाणूंना खाऊ देतो. आम्ल तेच बनवतात, पण वेळेत. खड्ड्यात हवा किंवा पावसाचे पाणी शिरले, तर मात्र गूळही वाया आणि चाराही.