विजा कडकडताना बंद गाडीत बसा म्हणतात, ते एका लोहाराच्या पोरानं पिंजऱ्यात बसून पटवून दिलं होतं

मे महिना सरत आला की बीड जिल्ह्यात वळवाचा पाऊस येतो, आणि त्याच्यासोबत विजा. मशागतीचे दिवस असतात, माणसं आणि जनावरं रानातच असतात. आभाळ भरून आलं की जो तो जवळचं झाड गाठतो आणि तिथंच घात होतो. म्हणून दरवर्षी सूचना येते, झाडाखाली थांबू नका, पक्कं घर नाहीतर बंद गाडी गाठा.

पण गाडी तर लोखंडाची, मग तिच्यात बसायचं कसं? बरेच जण सांगतात, टायर रबरी असतात म्हणून. आता कित्येक किलोमीटर हवा फाडत आलेल्या विजेला वीतभर रबर काय अडवणार? खरं कारण ज्यानं स्वतः आत बसून दाखवलं, तो माणूस म्हणजे मायकेल फॅरेडे.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार, त्यात कायम आजारी. शाळा झाली ती लिहिण्या-वाचण्यापुरती. १४ व्या वर्षी पोरगा पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारीला लागला. तिथं बांधायला आलेली पुस्तकं तो वाचूनही काढायचा. ज्ञानकोशातला विजेवरचा लेख असाच त्याच्या हाती लागला आणि त्याला नाद लागला.

१८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाईकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेनं त्या व्याख्यानांच्या टिपणांचं पुस्तक स्वतः बांधून डेव्हींना पाठवलं. १८१३ मध्ये तो तिथंच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला.

पुढं १८३१ मध्ये त्यानं चुंबक आणि तारेचं वेटोळं वापरून वीज तयार करून दाखवली. आपल्या परळीच्या औष्णिक वीज केंद्रातलं जनित्र आजही याच तत्त्वावर चालतं.

मग आलं १८३६. धातूच्या पोकळ भांड्यावर विद्युतभार दिला तर तो बाहेरच्या अंगावर राहतो, आत त्याचा असर दिसत नाही, हे बेंजामिन फ्रँकलिननं आधीच पाहिलं होतं. फॅरेडेला ते माणूस मावेल एवढ्या मापात तपासायचं होतं. त्यानं १२ फूट लांब, तेवढीच रुंद आणि उंच लाकडी चौकट उभी केली. तिला तांब्याच्या तारा गुंडाळल्या, कथलाच्या पत्र्यानं मढवलं, जमिनीपासून विद्युतरोधक करून अलग ठेवलं आणि यंत्रानं जोरदार विद्युतभार दिला. बाहेरून ठिणग्या उडत होत्या. फॅरेडे मेणबत्त्या आणि मोजायची उपकरणं घेऊन आत गेला. उपकरणांना आत काहीच जाणवलं नाही, आणि तो सुखरूप बाहेर आला.

असं का होतं? सारखे विद्युतभार एकमेकांना दूर ढकलतात. धातूत त्यांना हलायला मोकळीक असते, म्हणून ते बाहेरच्या पृष्ठभागावर जातात आणि अशा बेतानं पसरतात की आतल्या पोकळीत सगळ्या बाजूंचे जोर एकमेकांना खोडतात. आत विद्युतक्षेत्र उरतं शून्य.

इथं एक गल्लत होते. क्षेत्र शून्य म्हणजे विभव शून्य नव्हे. माजलगाव धरणाचं पाणी डोळ्यासमोर आणा. पातळी कितीही उंच असली तरी ती सगळीकडे सारखी असेल तर पाणी वाहत नाही. कालव्यात ते वाहतं पातळीच्या फरकामुळं. विभव म्हणजे विजेची पातळी. पिंजऱ्याचं विभव हजारो व्होल्ट असलं तरी आत, भिंतीपासून मधोमधपर्यंत, ते सारखंच असतं. फरक नाही, म्हणून झटका नाही.

गाडीवर वीज पडते तेव्हा तिचा प्रवाहही मुख्यतः बाहेरच्या पत्र्यावरून वाहतो आणि टायर ओलांडून जमिनीत जातो.

फॅरेडेला गणित फारसं येत नव्हतं. त्याच्या क्षेत्राच्या कल्पनेला समीकरणांत बसवलं ते जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं. मोठेपण मिरवायची हौसही त्याला नव्हती. त्यानं सर ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद दोनदा नाकारलं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो गेला.

त्याचा पिंजरा मात्र कामाचा आहे, आणि त्याची अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. धातू चारही बाजूंनी हवा. काचा बंद केलेली जीप किंवा पत्र्याच्या बॉडीची एसटी चालेल; आत बसून धातूला हात लावू नका. मोटारसायकल, उघडा ट्रॅक्टर, चार खांबांवरचं पत्र्याचं शेड किंवा ताडपत्रीचं खोपट हे पिंजरे नव्हेत. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं. तो आला की झाडाकडं न धावता घर नाहीतर बंद गाडी गाठायची.