प्राचार्यांची खुर्ची सोडून थेट प्रयोगशाळेत

दोंडाईचाहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की शिंदखेडा, नरडाणा आणि मग अमळनेर. अमळनेर म्हटलं की साने गुरुजी आठवतात. पण गुरुजी १९२४ मध्ये तिथे शिक्षक म्हणून आले, त्याच्या आधी त्याच खानदेश एज्युकेशन सोसायटीत जगन्नाथ गणेश गुणे नावाचे एक शिक्षक होते. जग त्यांना पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागलं.

गुणेंचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधल्या डभोईचा. मॅट्रिकला संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळाली, बडोद्यात कॉलेज झालं आणि तिथेच माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत शरीर कमावलं. १९१६ मध्ये ते अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. वय फक्त तेहतीस! आजच्या भाषेत सांगायचं तर माणूस पूर्ण सेटल.

१९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर गावी त्यांना परमहंस माधवदासजी भेटले आणि त्यांच्याकडे योगाचा अभ्यास सुरू झाला. पुढच्याच वर्षी इंग्रज सरकारने ते राष्ट्रीय महाविद्यालय बंद पाडलं. आता तुम्ही म्हणाल, खुर्ची आपोआपच गेली, त्यात सोडण्यासारखं काय उरलं? पण असं संस्कृत येणाऱ्या माणसाला दुसरी नोकरी सहज मिळाली असती. ती वाट त्यांनी धरली नाही.

आणि शिकले काय, तर नौली, उड्डियान, बंध, प्राणायाम. हा सगळा हठयोग नाथपंथातून आलेला, आणि त्यातली चक्रं, नाड्या, कुंडलिनी ही भाषा थेट तंत्राची. तंत्र म्हटलं की आपल्याकडे लगेच अमावास्या आणि लिंबू-मिरची आठवते. (दोंडाईच्याच्या मिरचीला त्यात उगाच ओढू नये.) गुणेंच्या काळात शिकलेली माणसं या क्रियांकडे एकतर चमत्कार म्हणून बघत, नाहीतर थोतांड म्हणून. गुणेंना दोन्ही पटत नव्हतं. गुरूंवर श्रद्धा होती, पण शरीरात नक्की काय होतं हे डोळ्यांनी बघायचं होतं.

म्हणून १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी काही विद्यार्थ्यांना सोबत घेतलं आणि बडोद्याच्या हॉस्पिटलात उड्डियान आणि नौलीचे परिणाम तपासले. क्ष-किरण यंत्रासमोर योगी उभा करायचा, ही कल्पनाच तेव्हा अजब होती. नौली म्हणजे पोटाचे मधले स्नायू उभ्या दोरासारखे पुढे काढून फिरवणं. जुन्या बस्ती क्रियेत योगी पाण्यात बसून नळीने पाणी आतड्यात वर ओढून घेतात. हे पाणी वर चढतं कसं? गुणेंनी दाब मोजला. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आत खेचलं जातं. या पोकळीला त्यांनी गुरूंचंच नाव दिलं, माधवदास व्हॅक्युम. विज्ञानातल्या शोधाची अशी गुरुदक्षिणा मला तरी दुसरी माहीत नाही.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी नियतकालिक सुरू झालं. त्यात एकीकडे प्रयोगांचे आकडे, दुसरीकडे सामान्य वाचकाला जमतील अशी आसनं, फोटोंसकट. १९२७ पासून गांधीजी आपल्या तब्येतीसाठी त्यांचा सल्ला घेऊ लागले. पण खरा जीव शिक्षकाचाच! १९५१ मध्ये लोणावळ्यात योगाचं कॉलेजच काढलं, म्हणजे गेलेलं कॉलेज एकतीस वर्षांनी वेगळ्या विषयासह परत आलं म्हणा. १९६१ मध्ये तिथे योगोपचारांचं हॉस्पिटलही झालं.

१८ एप्रिल १९६६ रोजी ते गेले. 'योगमीमांसा' अजूनही निघतं.