यंत्राची मर्यादा ओळखणारा ॲलन ट्युरिंग

जात-पात-तोडक मंडळाने रद्द केलेले बाबासाहेबांचे भाषण १९३६ साली पुस्तकरूपाने बाहेर आले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये २३ वर्षांच्या ॲलन ट्युरिंग यांनी एक शोधनिबंध सादर केला. दोघांचा परस्परांशी संबंध नव्हता. पण आपल्या कार्यकर्त्यांनी ट्युरिंग समजून घेतले पाहिजेत.

२३ जून १९१२ रोजी ते लंडनमध्ये जन्मले. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी. मूल मात्र इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी वाढले. कोणतेही गणिती विधान सिद्ध होते की नाही हे ठरवणारी यांत्रिक रीत आहे काय, असा प्रश्न हिल्बर्ट यांनी १९२८ साली मांडला होता. ट्युरिंग यांनी त्यासाठी पट्टीवर चिन्हे वाचणारे, लिहिणारे, पुसणारे काल्पनिक यंत्र रचले. संगणकाचा तात्त्विक पाया तोच. आणि त्याच निबंधात सिद्ध केले की अशी रीत असूच शकत नाही. अमेरिकेत अलोंझो चर्च यांनीही वेगळ्या वाटेने हेच दाखवले.

आज हा युक्तिवाद असा शिकवतात : कोणताही प्रोग्रॅम थांबेल की अखंड चालेल, हे अचूक सांगणारा परीक्षक-प्रोग्रॅम आहे असे समजा. मग त्याच्या निकालाच्या नेमके उलट वागणारा दुसरा प्रोग्रॅम लिहा आणि त्याला स्वतःविषयीच विचारायला लावा. परीक्षक ‘थांबेल’ म्हणाला तर तो चालत राहतो; ‘चालेल’ म्हणाला तर थांबतो. परीक्षक खोटा ठरतो. म्हणजे असा परीक्षक शक्यच नाही. यंत्र कितीही वेगवान करा, ही मर्यादा हटत नाही.

महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश उलगडण्यात ट्युरिंग यांचा मोठा वाटा होता. पण १९५२ साली समलिंगी संबंधांबद्दल त्याच देशाने त्यांना दोषी ठरवले. तुरुंग टाळायचा तर हार्मोनची इंजेक्शने घ्या, अशी अट होती. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला. सरकारने माफी मागितली २००९ साली. राजक्षमा मिळाली २०१३ साली.

आपल्याकडे इंग्रजांनी आणलेल्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी वगळले. निकालाला आधार होता संवैधानिक नैतिकतेचा. ती संकल्पना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडली होती.

अर्ज, यादी, निवड यांत आज ‘संगणकाने ठरवले’ असे ऐकवले जाते. ट्युरिंग यांचे प्रमेय अन्यायाविषयी काही सांगत नाही. पण यंत्र सर्वज्ञ नाही एवढे ते निर्विवाद सांगते. नियम माणसे लिहितात, यंत्र ते फक्त पाळते. म्हणून जाब यंत्राला नव्हे, नियम लिहिणाऱ्याला विचारायचा. धर्मग्रंथांनाही प्रश्न विचारायला शिकलेल्या चळवळीला हे अवघड नाही.