रावबहादूर सीताराम केशव बोले : ठरावामागचा माणूस

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपल्या समाजात लहान मुलालाही तोंडपाठ असतो. २० मार्च १९२७ ही तारीख विचारली तर आमच्या वसतिगृहातील पाचवीचा विद्यार्थीही क्षणाचा विलंब न लावता उत्तर देतो. त्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर ‘बोले ठराव’ हे दोन शब्द येतात. परंतु बोले म्हणजे कोण, कुठले, त्यांनी हा ठराव का मांडला आणि पुढे त्याचे काय झाले, असे विचारले की बहुतेकांची गाडी तेथेच अडते. मुंबईत दादरला कबुतरखान्याकडून जाणाऱ्या रावबहादूर एस. के. बोले मार्गावरून रोज हजारो माणसे जातात. पाटीवरचे ते नाव कोणाचे हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असेल. माणूस ठरावात आणि रस्त्याच्या पाटीत विरघळून गेला आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या माणसाचे ऋण आठवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

सीताराम केशव बोले हे भंडारी समाजात जन्मले. कोकणातील हा समाज कष्टकरी. त्यातील अनेक कुटुंबे पोटासाठी मुंबईत येऊन स्थिरावली होती. महात्मा फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे विचार मुंबईच्या कष्टकरी वस्त्यांत रुजत होते आणि गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणारे एक नवे शहर आकार घेत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची पहिली चळवळ उभारली. १८९७ च्या प्लेगात त्यांचे निधन झाले आणि कामगारांचा आवाज पोरका झाला. तो वारसा ज्यांनी पुढे चालवला त्यांत बोले अग्रभागी होते. १९०९-१० च्या सुमारास त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ‘कामगार हितवर्धक सभा’ स्थापन केली. गिरणीत दिवा लागेपर्यंत आणि लागल्यानंतरही राबणाऱ्या माणसाला कामाच्या तासांची मर्यादा हवी, त्याच्या तक्रारीला दाद मिळावी, त्याच्या मुलाने अक्षर ओळखावे, अशा मागण्यांचा तो काळ होता. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. आज बारा तास ऐकूनही आपल्याला धाप लागते. त्या वेळी ती सुधारणा होती, हे लक्षात घेतले म्हणजे बोले कोणत्या माणसांमध्ये काम करीत होते याची कल्पना येते.

बोले यांच्या आयुष्यातील एक प्रसंग आम्हा बौद्धांसाठी विशेष मोलाचा आहे. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाने हे यश मिळवणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. त्याच्या अभिनंदनासाठी सभा भरली, तिचे अध्यक्षस्थान बोले यांनी स्वीकारले. याच सभेत शिवचरित्रकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी त्या भेटीचे स्मरण केले. १९०७ च्या त्या भेटीतून १९५६ च्या नागपुरापर्यंत जी वाट जाते, तिच्या पहिल्या पावलाशी सभाध्यक्ष म्हणून बोले उभे होते. एका शालेय विद्यार्थ्याच्या कौतुकाला वेळ काढणारा पुढारी इतिहासात कोठे जाऊन पोहोचतो, हे आमच्यासारख्या शाळा चालवणाऱ्यांनी विसरता कामा नये.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर प्रांतिक विधिमंडळांचे स्वरूप पालटले. स्थानिक स्वराज्य, शिक्षण, आरोग्य अशी काही खाती लोकप्रतिनिधींना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आली. मतदानाचा हक्क मालमत्ता आणि कर भरणाऱ्यांपुरताच होता. झोपडीतल्या माणसाचे मत कोणी विचारीत नव्हते. अशा मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांनी प्रवेश केला. तेथे ते श्रीमंतांच्या दिवाणखान्याचे प्रतिनिधी म्हणून बसले नाहीत. गिरणगावातील खोल्या, कोकणातील कुळांची खाचरे आणि गावकुसाबाहेरची घरे यांचे प्रश्न त्यांनी सभागृहात नेले. कोकणातील खोतीच्या प्रश्नावर ते कुळांच्या बाजूने उभे राहिले. ती पद्धत कायद्याने जाण्यास स्वातंत्र्यानंतरचे वर्ष, १९४९, उजाडावे लागले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी मांडलेला ठराव मुंबई कौन्सिलने संमत केला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर करण्याची मोकळीक अस्पृश्य वर्गाला असावी, अशी त्यात शिफारस होती. या यादीकडे पुन्हा एकदा पाहावे अशी वाचकांना आमची विनंती आहे. पाणी, निवारा, शिक्षण, न्याय, औषध. माणसाला माणूस म्हणून जगण्यास जे जे लागते, ते सर्व या एका वाक्यात आले होते. देवळाचा उल्लेख त्यात नव्हता. जे सर्वांच्या करातून उभे राहिले त्यावर सर्वांचा हक्क, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. त्याला कोणत्याही शास्त्राधाराची गरज नव्हती.

हा ठराव संमत झाला तेव्हा बाबासाहेब नुकतेच लंडनहून परतले होते आणि मुंबईत वकिलीला आरंभ करीत होते. ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ अद्याप स्थापन व्हायची होती. ती २० जुलै १९२४ रोजी झाली. म्हणजे संघटित लढा उभा राहण्यापूर्वीच कौन्सिलात हक्काची ही नोंद होऊन गेली होती.

सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी आपल्या खातेप्रमुखांना ठरावाची अंमलबजावणी करण्याचे आदेश दिले. परंतु नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्या बाबतीत कलेक्टरांनी सल्ला द्यावा, यापलीकडे गोष्ट गेली नाही. कौन्सिलचा ठराव हा कायदा नसतो, ती शिफारस असते. न पाळणाऱ्याला शिक्षा नाही, पाळणाऱ्याला संरक्षण नाही, अशी त्याची अवस्था. बहुतेक ठिकाणी कागद आला, फायलीत गेला आणि विहिरीवरचा पहारा होता तसाच राहिला. महाड नगरपालिकेने मात्र जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. पण ज्यांच्यासाठी तळे खुले झाले त्यांना काठावर जाण्याची सोय नव्हती. गावातील सवर्णांचा विरोध ठरावापेक्षा बळकट होता. तीन वर्षे तळे कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद राहिले.

दुसरा कोणी असता तर एक चांगला ठराव आपल्या नावावर झाला म्हणून समाधान मानून स्वस्थ बसला असता. बोले बसले नाहीत, आणि त्यांचे मोठेपण आम्हाला येथे दिसते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी, पहिल्या ठरावाला तीन वर्षे लोटल्यावर, त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्यास नकार देतील त्यांचे सरकारी अनुदान रोखावे, अशी त्यात शिफारस होती. पहिला ठराव सद्सद्विवेकाला आवाहन करणारा होता. दुसरा तिजोरीच्या किल्लीला हात घालणारा होता. नुसत्या उपदेशाने रूढी हलत नाही आणि सार्वजनिक पैसा घेणाऱ्याने सार्वजनिक न्याय पाळलाच पाहिजे, हे अनुभवाने शिकलेल्या लोकप्रतिनिधीचे ते पाऊल होते.

त्याच वर्षीच्या आणखी एका कार्याचा उल्लेख आवश्यक आहे. त्या काळी वतनदार ग्रामजोशाला बाजूला ठेवून एखाद्या कुटुंबाने आपल्या पद्धतीने लग्नकार्य केले, तरी तो जोशी न्यायालयात जाऊन दक्षिणेची रक्कम वसूल करू शकत असे. सेवा घेतली नाही तरी मोबदला द्यावा, असा हा विलक्षण व्यवहार होता. सत्यशोधकांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ झगडा दिला. बोले यांनी हा विषय कौन्सिलात लावून धरला आणि १९२६ साली असे हक्क रद्द करणारा कायदा झाला. आज बौद्ध पद्धतीने, पुरोहिताविना आपल्या घरी मंगल परिणय होतो, तेव्हा कोणाचीही नोटीस येत नाही. या निर्वेधतेमागे किती जणांची झुंज आहे, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे.

१९२७ च्या आरंभी बाबासाहेब स्वतः मुंबई कौन्सिलचे नियुक्त सभासद झाले. मार्च महिन्यात महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० मार्चला परिषदेतील हजारो माणसे शिस्तीने चवदार तळ्यावर गेली आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्राशन केले. जे चार वर्षे कागदावर होते ते त्या दिवशी ओंजळीत आले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण झाले. महाड नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव मागे घेतला, आणि त्याची तारीख होती ४ ऑगस्ट १९२७; बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली होती त्या दिवशी. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, न्यायालयाने तात्पुरती मनाई केली, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. दावा महाडहून ठाण्याला, ठाण्याहून उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला; तळे केवळ सवर्णांसाठी असल्याची अनादिकालीन रूढी विरोधकांना सिद्ध करता आली नव्हती. १९२३ ते १९३७. एका ठरावाला तळ्याच्या पायरीवरून न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोहोचण्यास चौदा वर्षे लागली.

यातून काही जण असा निष्कर्ष काढतात की बोले ठराव निष्फळ होता; सारे काही सत्याग्रहाने घडले. आम्हाला हे मत अपुरे वाटते. ठरावाने पाणी मिळाले नाही हे खरे. पण महाडला गेलेली माणसे काही हिसकावून घेण्यास गेली नव्हती, लोकप्रतिनिधींनी मान्य केलेला हक्क बजावण्यास गेली होती, हे नैतिक बळ त्या ठरावाने दिले. उलट बाजूही तितकीच खरी आहे. महाडची माणसे उठली नसती तर बोले ठराव कौन्सिलच्या इतिवृत्तात धूळ खात पडला असता. विधिमंडळ दार दाखवते, उंबरठा मात्र ज्याचा त्यालाच ओलांडावा लागतो.

बोले आणि बाबासाहेब यांचे मार्ग पुढे वेगळे झाले. बोले यांचे जीवितकार्य हिंदू समाजात राहून तो सुधारण्याचे. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात त्या धर्माचा त्याग करण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ज्याच्या मॅट्रिकच्या सभेचे आपण अध्यक्ष होतो, तो मुलगा संविधानाचा शिल्पकार झालेला पाहण्याइतके दीर्घायुष्य बोले यांना लाभले. १९६१ साली त्यांचे निधन झाले. मार्ग वेगळा होता म्हणून आम्ही त्यांचे ऋण कमी मानीत नाही. तथागतांनी कृतज्ञतेला मंगलात स्थान दिले आहे. ती केवळ आपल्या पंथातील माणसांपुरती राखून ठेवायची गोष्ट नव्हे.

भारतीय संविधानाचे पंधरावे कलम उघडून पाहावे. राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः चालवलेल्या अथवा लोकांसाठी समर्पित केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरापासून धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला रोखता येणार नाही, असे ते बजावते. १९२३ च्या ठरावातील यादी आणि हे कलम शेजारी ठेवले की एकाच कुळातील दोन पिढ्या भेटल्यासारखे वाटते. फरक इतकाच की पहिली शिफारस होती, दुसरा मूलभूत हक्क आहे.

आमच्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत, कचेऱ्यांत आणि न्यायालयांत काम करीत आहेत. उद्या कोणी विधानसभेतही जाईल. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की ठराव करून थांबू नका. तीन वर्षांनी मागे वळून तो पाळला गेला का हे पाहा, आणि पाळला गेला नसेल तर दुसरा ठराव आणा. पालकांना आणि समाजबांधवांना विनंती ही की आपण निवडून दिलेल्या माणसाला भाषणाचा नव्हे, अंमलबजावणीचा हिशेब विचारा. येत्या २० मार्चला महाडच्या क्रांतीभूमीवर अभिवादन करताना बाबासाहेबांबरोबर, तळ्यावर चालत गेलेल्या त्या अनाम हजारोंबरोबर, रावबहादूर बोले यांचेही नाव मुलांना सांगा. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या यादीत सार्वजनिक शाळाही होती, आणि आपली मुले आज शाळेत आहेत.