गुलामगिरीतून पेशवेपदावर : मलिक अंबर

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या सावेडीपासून भातोडी फार दूर नाही. तेथे १६२४ साली मलिक अंबरने मोगल व विजापूरकरांच्या फौजांचा पराभव केला. हा सेनापती लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता!

इथिओपियात १५४८च्या सुमारास जन्मलेल्या या मुलाला बगदादच्या मालकाने शिक्षण दिले. पुढे निजामशाहीचे पेशवे चंगेजखान यांनी त्याला विकत घेतले. तेही पूर्वी गुलामच होते. त्यांच्या निधनानंतर अंबर मुक्त झाला आणि शिपाईगिरी करू लागला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी जिंकला, तेव्हा त्याने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून बुडते राज्य सावरले आणि स्वतः पेशवा झाला. पीकपाणी पाहून सारा ठरवला. १६१० साली खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवून तेथे नहरीने पाणी आणले. १६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

कष्टाने माणूस मोठा होतो, हे यावरून दिसते. पण थोडा विचार करा. अंबर पेशवा झाला नसता, तर त्याला विकणे योग्य ठरले असते काय? मुळीच नाही. माणुसकीचा मान जन्मतःच मिळतो, तो कमवावा लागत नाही. कमवायचे असते ते कर्तृत्व.

म्हणून पालकहो, मुलामुलींच्या हाती पुस्तक द्या. मुलांनो, मेहनतीत कसूर करू नका; आणि जो मागे पडेल, त्याला कमी लेखू नका.